अरुंद टीव्ही युनिटमध्ये ॲम्प्लिफायर बसवायचा आहे?

खण ४५ सेंटिमीटर रुंद आणि ॲम्प्लिफायर साडेत्रेचाळीस. हिशेब जमतो, म्हणून आपण तो घेऊन येतो, खोका फोडतो आणि खणात सरकवतो. आत जातोसुद्धा. मग एचडीएमआयची केबल लावायला गेलो की ती पाठच्या फळीला टेकते, ॲम्प्लिफायर दोन बोटं पुढे येतो आणि दार लागत नाही. कसंबसं दार लावलंच, तर तासाभराने आवाज बंद.

माझ्या घरी नेमकं हेच झालं. सिनेमा शेवटाकडे आलेला, आणि अचानक सगळं शांत. ॲम्प्लिफायरच्या पुढच्या पट्टीवर लाल दिवा उघडझाप करत होता. दार उघडलं तर तोंडावर धग आली, आणि वरच्या जाळीवर ठेवलेला हात लगेच मागे घ्यावा लागला. दार उघडं ठेवून वीसेक मिनिटं थांबलो, पुन्हा चालू केला, तर ॲम्प्लिफायर ठणठणीत. त्याने स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडला होता. चूक माझ्या मोजमापात होती: मी खोक्याची जागा मोजली होती, तारांची आणि हवेची मोजलीच नव्हती. तेव्हापासून स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरी मिळून बरीच युनिटं उघडून पुन्हा बसवली. त्यातून जी पद्धत हाताला बसली, ती इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: खण आतून मोजा, तोही तीन ठिकाणी

टेप घेऊन खणाची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीनदा मोजा. लाकडी फर्निचर क्वचितच काटकोनात असतं. पुढे ४५ भरलेला खण मागे ४४ भरू शकतो, आणि अडकायचं ते तिथेच अडकतं. दाराच्या बिजागऱ्या आत किती येतात तेही पाहा. कपाटाच्या आत बसणारी बिजागरी दोन-तीन सेंटिमीटर सहज खाते. खण पुरेसा रुंद असतो, पण ॲम्प्लिफायर तोंडातूनच आत जात नाही, हा अनुभव अनेकांना येतो.

आता ॲम्प्लिफायरची मापं. पूर्ण आकाराच्या बहुतेक एव्ही रिसीव्हरांची, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्हींच्या जोडण्या असलेल्या ॲम्प्लिफायरांची, रुंदी ४३ ते ४४ सेंटिमीटर असते. उंची साधारण १५ ते १९ आणि खोली ३२ ते ४० सेंटिमीटर, मोठ्या मॉडेलांत त्याहून जास्त. बुटक्या मॉडेलांची उंची बरीच कमी असते. मरँट्झच्या एनआर मालिकेतले रिसीव्हर साडेदहा सेंटिमीटर उंचीत बसतात. माहितीपत्रकातला आकडा वाचताना दोन गोष्टी तपासा. खोलीत पुढची बटणं आणि मागचे टर्मिनल धरले आहेत का? काही कंपन्या धरतात, काही धरत नाहीत. आणि उंचीत वायफायचे अँटेना धरले आहेत का? ते उभे केले की उंची एकदम वाढते.

यानंतरची युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. जाड पुठ्ठ्याचा एक खोका ॲम्प्लिफायरच्या नेमक्या मापाचा बनवा. मागच्या बाजूला, जिथे एचडीएमआय आणि स्पीकरचे टर्मिनल येणार तिथे भोकं पाडून खऱ्या केबली खोचा आणि चिकटपट्टीने पक्क्या करा. आता हा खोका खणात सरकवून दार लावून पाहा. केबल कुठे दुमडते, फळी कुठे आडवी येते, हात मागे पोचतो की नाही, हे सगळं पाच मिनिटांत डोळ्यांसमोर येतं. बारा किलोचं धूड चारदा आत-बाहेर करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

दुसरी पायरी: पाठीमागे जागा काढा

एचडीएमआयचा साधा प्लग टर्मिनलच्या बाहेर चार-पाच सेंटिमीटर येतो आणि त्यानंतर केबलला वळायला जागा लागते. जाड केबल जबरदस्तीने दुमडली तर जोर सॉकेटवर येतो, आणि सॉकेट सैल झालं की चित्र येत-जात राहतं. स्पीकरचे ‘बनाना’ म्हटले जाणारे सरळ प्लगही तितकेच बाहेर येतात. म्हणून ॲम्प्लिफायरच्या खोलीत निदान ७ ते ८ सेंटिमीटर मिळवा. हीच त्याची खरी खोली.

तेवढी जागा नसेल तर लहान उपाय दोन आहेत. एचडीएमआयसाठी काटकोनी कनेक्टर मिळतात, पण त्यांचे प्रकार असतात: एकात केबल वर जाते, दुसऱ्यात खाली. आपल्या सॉकेटची रुंद बाजू वर आहे की खाली हे बघूनच घ्या, नाहीतर केबल शेजारच्या सॉकेटवर आडवी येते. स्पीकरसाठी प्लग वगळून उघडी तार थेट टर्मिनलमध्ये कसली तरी चालते. आवाजात फरक पडत नाही आणि जागा वाचते.

खरा उपाय मात्र पाठची फळी कापणं हाच. बहुतेक तयार युनिटांची पाठ ३ ते ६ मिलीमीटरच्या पातळ फळीची असते. ती कापायला जीव होत नाही, पण कापलीत की पाच-सहा सेंटिमीटर जागा आणि हवेची वाट दोन्ही एकदम मिळतात. एक काळजी घ्या. ही पातळ फळीच युनिटला काटकोनात धरून ठेवते. पूर्ण काढून टाकली तर युनिट एका बाजूला झुकू लागतं आणि दारं वाकडी होतात. म्हणून चारही बाजूंनी ५ ते ७ सेंटिमीटरची चौकट ठेवून मधला भाग कापा. युनिट भिंतीला टांगलेलं असेल आणि त्याचं वजन पाठच्या फळीवर पेललेलं असेल, तर तिला हात लावू नका. तिथे सुताराला दाखवल्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं आहे.

कापण्याआधी ॲम्प्लिफायर युनिटमधून, शक्य तर खोलीतूनच बाहेर न्या. लाकडाचा भुसा आणि स्क्रूचे धातूचे कण वरच्या जाळीतून आत पडतात, आणि आत पडलेला धातूचा एक कण बोर्ड जाळायला पुरेसा असतो.

तिसरी पायरी: आपला ॲम्प्लिफायर किती तापतो ते समजून घ्या

ॲम्प्लिफायरचे वर्ग असतात, आणि अरुंद जागेत ते आवाजाच्या दर्जापेक्षा उष्णतेसाठी जास्त महत्त्वाचे ठरतात. ए वर्गाचा ॲम्प्लिफायर गाणं वाजत असो वा नसो, सतत पूर्ण तापलेला असतो. त्याला बंद खणात ठेवायचा विचारही करू नका. घरोघरी दिसणारे बहुतेक रिसीव्हर एबी वर्गाचे, म्हणजे ए आणि बी यांच्या मधले असतात. बी वर्गाची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के आहे, पण ती पूर्ण ताकदीने वाजवताना. आपण रोज ऐकतो त्या बेताच्या आवाजात एबी वर्गाची कार्यक्षमता त्याहून खूप खाली असते आणि घेतलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. डी वर्गाचे ॲम्प्लिफायर ताकदीने वाजताना ९० टक्क्यांच्या आसपास पोचतात आणि शांत असतानाही फार वीज खात नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. खरेदी अजून झाली नसेल, खण २० सेंटिमीटरपेक्षा बुटका असेल आणि दार बंदच ठेवायचं असेल, तर डी वर्गाचा छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्या. जाड पुस्तकाएवढ्या आकारात दोन स्पीकर उत्तम वाजवणारे मिळतात. सात स्पीकर चालवणारा रिसीव्हर कोंबण्याच्या नादात पुढची दहा वर्षं उष्णतेशी झगडण्यात अर्थ नाही. अशा छोट्या ॲम्प्लिफायरचा पॉवर ॲडॉप्टर वेगळा असतो आणि तोही तापतो. तो ॲम्प्लिफायरच्या खाली किंवा वर ठेवू नका, बाजूला मोकळा ठेवा.

स्पीकरही इथे येतात. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. ४ ओहमचे स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा त्याच आवाजाच्या पातळीवर जास्त करंट ओढतात आणि ॲम्प्लिफायर अधिक तापतो. एकाच टर्मिनलवर स्पीकरच्या दोन जोड्या समांतर जोडल्या तरी हेच होतं. बंद खणात हे टाळा.

चौथी पायरी: हवा

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

गरम हवा वर जाते. ॲम्प्लिफायर खालून थंड हवा घेतो आणि वरच्या जाळीतून गरम सोडतो. त्याचे पाय उगीच दिलेले नसतात. त्या दीड-दोन सेंटिमीटरच्या फटीतून हवा आत शिरते. खाली मऊ कापड, गालिचा किंवा फोम टाकला की ही वाट बुजते. वर सेट-टॉप बॉक्स किंवा राउटर ठेवला की दुसरी बुजते. दोन्ही करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तक्रार सगळीकडे एकच: ॲम्प्लिफायर खराब निघाला.

अनेक पुस्तिकांत वर ३० आणि बाजूंना २० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायला सांगितलेली असते. आपल्या खणात ती मिळणार नाही हे उघड आहे. मग जागेची भरपाई वाहत्या हवेने करायची. किती हवा लागेल याचा हिशेब सोपा आहे: उष्णता वॅटमध्ये घ्या, तिला ३ ने गुणा आणि खणातलं तापमान खोलीपेक्षा जितके अंश वाढलेलं चालेल तितक्याने भागा. उत्तर येतं ताशी घनमीटरमध्ये.

वॅटचा आकडा ॲम्प्लिफायरच्या पाठीवरून घेऊ नका. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर आणा आणि नेहमीच्या आवाजात गाणी लावून वाचा. समजा ९० वॅट दिसले. घरातल्या बेताच्या आवाजात स्पीकरकडे जाणारी शक्ती जेमतेम एक-दोन वॅट असते, म्हणजे जवळपास सगळे ९० वॅट खणातच उष्णता होतात. १० अंशांची वाढ चालवून घ्यायची ठरवली तर ९० गुणिले ३ भागिले १०, म्हणजे ताशी २७ घनमीटर हवा. १२० मिलीमीटरचा संगणकाचा पंखा अगदी संथ चालला तरी एवढं काम करू शकतो. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मला फार हायसं वाटलं, कारण प्रश्न अवघड नाही हे कळलं.

आता भोकं. एक खाली, एक वर; खालचं पुढे किंवा एका बाजूला, वरचं मागे आणि विरुद्ध बाजूला. दोन्ही जवळजवळ पाडली तर बाहेर पडलेली गरम हवा तिथूनच परत आत शिरते आणि ॲम्प्लिफायरपर्यंत थंड हवा पोचतच नाही. प्रत्येक भोक निदान १०० चौरस सेंटिमीटरचं असावं. सुंदर नक्षीची जाळी लावणार असाल तर भोक मोठं करा, कारण जाळी जवळपास अर्धी जागा अडवते. दाराच्या खाली बोटभर फट ठेवली तरी खालच्या भोकाचं बरंच काम होतं, आणि ते दिसतही नाही.

पंखा बसवायचा तो वरच्या भोकावर, हवा बाहेर ओढेल असा. १२० मिलीमीटरच्या पंख्याला साधारण ११५ मिलीमीटरचं गोल भोक आणि एकमेकांपासून १०५ मिलीमीटरवर चार स्क्रू लागतात. हवा पंख्याच्या आडव्या काड्यांच्या, म्हणजे लेबलाच्या बाजूने बाहेर पडते. अनेक पंख्यांच्या कडेवर बाणही असतो. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या वापरा. लाकडी युनिट हे एक पोकळ पेटीच आहे, पंख्याची बारीक थरथर ती मोठी करून ऐकवते.

लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवा. १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर चालवला की कानाला जवळजवळ लागत नाही. ५ व्होल्टवर काही पंखे सुरूच होत नाहीत, म्हणून आधी हातात धरून करून पाहा. टीव्हीच्या यूएसबीवर चालणारे ५ व्होल्टचे पंखेही मिळतात. टीव्ही चालू झाला की पंखा चालू, बंद झाला की बंद, ही सोय मला आवडते. ॲम्प्लिफायरच्या १२ व्होल्ट ट्रिगरवरून (दुसऱ्या उपकरणाला चालू होण्याचा इशारा देणाऱ्या सॉकेटवरून) पंखा चालवायचा मोह होतो, पण त्याची क्षमता फार कमी असते. पुस्तिकेत आकडा पाहिल्याशिवाय तिथे काही जोडू नका.

सगळं झालं की टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी खालच्या भोकाजवळ धरा. ती आत ओढली गेली तर हवा खरोखर वाहते आहे. नुसती लोंबकळली तर कुठेतरी दुसऱ्याच फटीतून हवा शिरते आहे. ती शोधून बुजवा.

पाचवी पायरी: वजन

रिसीव्हर ८ ते १५ किलोचा असतो. १८ मिलीमीटरची पार्टिकल बोर्डची फळी ८०-९० सेंटिमीटर लांब असेल तर मधोमध ठेवलेल्या वजनाने ती काही महिन्यांत झोळ देते. ॲम्प्लिफायर बाजूच्या भिंतीजवळ ठेवा किंवा फळीखाली मध्ये एक उभा टेकू द्या. ट्रान्सफॉर्मर ज्या बाजूला असतो ती बाजू बरीच जड असते. उचलताना ती ओळखा आणि अंगाशी धरा.

सहावी पायरी: तारा, ॲम्प्लिफायर आत सरकवण्याआधी

अरुंद खणात मागे हात घालून, मोबाइलच्या उजेडात चाचपडत तारा लावणं म्हणजे चुकांना आमंत्रण. ॲम्प्लिफायर खणाच्या तोंडाशी, पाठ आपल्याकडे करून ठेवा आणि सगळ्या तारा बाहेरच जोडा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा. प्रत्येक केबलला ३०-४० सेंटिमीटर ढील ठेवा, म्हणजे पुढे कधी ॲम्प्लिफायर ओढून फिरवता येतो. ही ढील गोल वेटोळं करून वेल्क्रो पट्टीने बांधा. प्लॅस्टिकची आवळपट्टी वापरली तर पुढच्या वेळी कात्री लागते आणि तिच्याबरोबर केबलही कापली जाते.

स्पीकरसाठी शुद्ध तांब्याची अडीच चौरस मिलीमीटरची तार घरगुती अंतरांना भरपूर पुरते. टोकाचं आवरण दहा-बारा मिलीमीटरच काढा आणि तांब्याचे धागे चिमटीत धरून एकाच दिशेने घट्ट पिळा. मग बोटाने फिरवून पाहा, एखादा धागा सुटला आहे का. केसाएवढा एक धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट होतो, आणि तोही नेमका जिथे डोळा पोचत नाही तिथे. हे सगळं करताना ॲम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढलेलाच हवा.

विजेच्या तारा एका बाजूने आणि सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. गुणगुण ऐकू आली म्हणून अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा एक्स्टेंशन बोर्डही जोडू नका, बंद कपाटात तर नाहीच.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई ज्यात बसवलेली असते त्या भागात, गुणगुण निर्माण करतं. अंतर वाढवलं की हे क्षेत्र झपाट्याने घटतं, त्यामुळे हातभर बाजूला सरकवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

सातवी पायरी: दाराआडून रिमोट

काचेच्या दारातून रिमोटचे किरण जातात, लाकडातून जात नाहीत. लाकडी दार असेल तर आधी टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एआरसी (टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्या सॉकेटांनी एका एचडीएमआय केबलने जोडा आणि दोन्हींच्या सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटने दोन्ही चालवू देणारी सोय) चालू करा. टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो आणि बहुतेकांना पुढे काही लागतच नाही. एआरसी २००९ सालच्या एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या टीव्हीतही सापडते. एवढ्याने भागलं नाही तर रिमोट रिपीटर घ्या: एक छोटा डोळा दाराबाहेर चिकटतो, दुसरा ॲम्प्लिफायरच्या सेन्सरवर.

शेवटची पायरी: दार लावून तासभर

बाहेर डिस्प्ले आणि तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा थर्मामीटर घ्या. सेन्सर खणाच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात चिकटवा, तिथे सगळ्यात गरम हवा साठते. दार लावा, नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात तासभर वाजवा आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहून ठेवा. सुरुवातीला तो भरभर चढतो, मग हळू होतो. तासाभरातही चढायचा थांबला नाही तर हवा पुरत नाही, भोक वाढवा किंवा पंखा लावा. खोलीपेक्षा १० अंशांच्या आत थांबला तर उत्तम. बहुतेक ॲम्प्लिफायर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी बनवलेले असतात. खणात ४० ओलांडले तर दार उघडा आणि चौथी पायरी पुन्हा वाचा. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. म्हणजे ॲम्प्लिफायर बंद पडला नाही तरी तो आतून झिजत असतोच.

ही चाचणी थंडीत केली असेल तर कडक उन्हाळ्यात पुन्हा करा, खोलीच दहा-पंधरा अंशांनी तापलेली असते. आणि दर दोन-तीन महिन्यांनी ॲम्प्लिफायर बंद करून, प्लग काढून, खालच्या भोकावरची आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. धूळ झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर पाती उलटी फिरून बेअरिंग खराब होतं.